वृत्तवाहिनीत पहिले पाऊल: नवोदित टीव्ही पत्रकारासाठी मार्गदर्शन

वृत्तवाहिनीत काम करायचे आहे असे सांगत जी मुले-मुली मला भेटतात, त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अँकरची खुर्ची असते. अशी इच्छा बाळगण्यात गैर काहीच नाही. पण त्या खुर्चीपर्यंत जाणारा रस्ता असाइनमेंट डेस्क, एडिट रूम, जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा, तहसील कचेरी आणि रात्री अडीच वाजता वाजणारा फोन यांतून जातो. हा लेख त्या रस्त्याविषयी आहे. बरीच वर्षे मराठी वाहिन्यांत बातमीदारी केल्यानंतर मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीवर येईल: स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले आणि आपल्याला वाटलेले, या तिन्ही गोष्टी वहीत आणि मनात वेगवेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला निदान संध्याकाळपर्यंतचा अवधी मिळतो; आपल्याला कानात ‘लाइव्ह’ असा शब्द पडल्यापासून काही सेकंदांत बोलावे लागते, म्हणून ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली असावी लागते.

पहिली पायरी: शिक्षण आणि भाषेची तयारी

पत्रकारितेची पदवी नसेल तर वाहिनीची दारे बंद होतात असे नाही, परंतु ती असल्यास मुलाखतीपर्यंत पोहोचणे सोपे जाते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तविद्या विभाग आहे, ज्याला सगळे ‘रानडे’ म्हणूनच ओळखतात. मुंबई विद्यापीठाचा स्वतंत्र पत्रकारिता विभाग आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून शिकता येते. आणि भारतीय जनसंचार संस्थेचे विभागीय केंद्र अमरावतीला असून तेथे मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम चालतो. खासगी संस्थेत मोठी फी भरण्यापूर्वी तेथे विद्यार्थ्यांना कॅमेरा प्रत्यक्ष किती तास हाताळायला मिळतो आणि एडिटिंगची यंत्रे किती आहेत, हे स्वतः जाऊन पाहावे. माहितीपत्रकावरील चकचकीत स्टुडिओच्या छायाचित्रावर विसंबू नये.

अभ्यासक्रम कोणताही असो, वाचनाची एक शिस्त आजपासून लावून घ्या. सातबारा, फेरफार, पंचनामा, एफआयआर, शासन निर्णय आणि न्यायालयाचा आदेश हे सहा प्रकारचे कागद न अडखळता वाचता आले पाहिजेत. राज्य सरकारचे शासन निर्णय मराठीत आणि संकेतस्थळावर उपलब्ध असतात. रोज एक निर्णय वाचून त्याचा अर्थ चार सोप्या वाक्यांत वहीत लिहिला, तर वर्षभरात मंत्रालयाची भाषा तुम्हाला परकी वाटणार नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 चा आहे आणि अर्जाला सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे; नोकरी लागण्याची वाट न पाहता आपल्या ग्रामपंचायतीविषयी किंवा नगरपालिकेविषयी एक अर्ज स्वतः करून पाहा.

उच्चारांकडे लहानपणापासून दुर्लक्ष झालेले असते, आणि ते माइकसमोर लगेच उघडे पडते. ‘चहा’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळा आहे, ‘जहाज’ आणि ‘जीवन’ यांतले ज वेगळे आहेत, आणि ण, न, ळ यांची गल्लत श्रोत्याच्या कानाला तत्काळ खुपते. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढे तेथे दीर्घकाळ बातम्या वाचणाऱ्या प्रदीप भिडे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी मराठी बातमीचा जो स्वर घडवला, त्याचा पाया स्पष्ट शब्द आणि संयत गती हाच होता. जुन्या ध्वनिफिती मिळतील तेथे त्या ऐका. मात्र स्वच्छ उच्चार म्हणजे आपली बोली विसरणे नव्हे. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाशी त्याच्याच भाषेत दोन शब्द बोलता आले, तर तो कॅमेऱ्यासमोर मोकळा होतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

आकड्यांचा वेगळा सराव करा. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत टेलिप्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवणाऱ्या पडद्यावर) वाचताना भलेभले अडखळतात, म्हणून नवोदितांनी मोठे आकडे अक्षरांत लिहून घ्यावेत. राज्यातील 36 जिल्ह्यांचे नकाशे तोंडपाठ असावेत; औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले असले, तरी जुन्या कागदपत्रांत जुनीच नावे असल्याने दोन्ही नावे लक्षात ठेवावी लागतात.

दुसरी पायरी: न्यूजरूम समजून घेणे

मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची गर्दी 2007 नंतर झाली. वाहिन्या वेगवेगळ्या असल्या, तरी आतली रचना साधारण सारखीच असते. बातमी आणणारी बाजू ‘इनपुट’ आणि ती पडद्यावर नेणारी बाजू ‘आउटपुट’. इनपुटमध्ये असाइनमेंट डेस्क बसतो: कोणता बातमीदार कोठे जाईल, कोणत्या जिल्ह्यातून कोणते दृश्य येत आहे, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन कोठे उभी राहील, हे तेथे ठरते. आउटपुटमध्ये बुलेटिन प्रोड्युसर रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावतो, कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहिली जाते, एडिटर पॅकेज (दृश्ये, लोकांचे बोलणे आणि निवेदन जोडलेली तयार बातमी) कापतो आणि पीसीआर या नियंत्रण कक्षातून बुलेटिन प्रत्यक्ष प्रसारित होते. पडद्यावर सरकणारी टिकरची पट्टी लिहिणारा माणूसही पत्रकारच असतो, आणि त्याची चूक सर्वांत अधिक वेळ पडद्यावर फिरत राहते.

पहिली नोकरी डेस्कवर मिळाली तर नाराज होऊ नका. असाइनमेंट डेस्कवर सहा महिने बसलेल्या मुलाला राज्यभरातील स्ट्रिंगरांचे, म्हणजे स्थानिक बातमीदारांचे, फोन, त्यांच्या कामाची पद्धत आणि कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा याचा अंदाज येतो. जिल्ह्यातील स्ट्रिंगर हा या व्यवसायाचा कणा आहे. त्याला बहुधा प्रत्येक बातमीमागे मानधन मिळते, गाडी आणि कॅमेरा त्याचाच असतो, आणि तरीही घटनास्थळी सर्वांत आधी तोच पोहोचतो. त्याच्याशी फोनवर बोलताना ‘भाऊ’, ‘दादा’, ‘ताई’ असे आदराने बोला, त्याचे काम पडद्यावर आले तर त्याचे नाव जाईल हे पाहा. मुंबईत बसून त्याच्यावर ओरडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना पुढे मोक्याच्या रात्री कोणाचाही फोन आला नाही, हेही पाहिले आहे.

तिसरी पायरी: कॅमेऱ्यासाठी पाहायला शिकणे

लेखनावर प्रेम असलेली मुले येथे सर्वांत अधिक चाचपडतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो.

समजा, पाणीटंचाईची बातमी करायला तुम्ही एका गावात गेला आहात. गाडीतून उतरताच माइक काढून बाइट, म्हणजे लोकांचे कॅमेऱ्यासमोरचे बोलणे, घ्यायला धावू नका. आधी दहा मिनिटे कॅमेरामनसोबत गावात फिरा. विहिरीच्या कठड्याकडे नीट पाहा: वर्षानुवर्षे दोर घासून दगडात बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात. रिकाम्या हंड्यांची रांग असते, आणि आपापला हंडा ओळखता यावा म्हणून कोणी काठाला चिंधी बांधलेली असते, तर कोणी तळाला रंगाचा ठिपका दिलेला असतो. टँकर येण्याची वेळ गावाला ठाऊक असते, त्यामुळे ती जवळ आली की लहान मुले रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहतात. ही तुमची दृश्ये. ती टिपली की बातमी निम्मी लिहून झालेली असते.

प्रत्येक जागेचे किमान तीन प्रकारचे शॉट घ्या: परिसर दाखवणारा वाइड, माणूस आणि त्याचे काम दाखवणारा मिड, आणि खाच, हात, चेहरा दाखवणारा क्लोज. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद न हलवता धरा, कारण एडिटरला त्यांतील चार सेकंद लागणार असतात आणि ते कोठले हे आधी सांगता येत नाही. जागेचा आवाज स्वतंत्र रेकॉर्ड करा. रहाटाची करकर आणि हंड्यांचा खणखणाट नसेल, तर उत्तम दृश्यही मुके वाटते. मोबाइलवर चित्रीकरण करत असाल तर तो आडवा धरा. वाऱ्यात माइकवर फोमचे आवरण असू द्या, आणि बाइट घेण्यापूर्वी हेडफोन लावून एकदा आवाज तपासा; दृश्य थोडे हलले तर चालते, आवाज गेला तर बाइट गेला.

कॅमेरामनला आपला हमाल समजणारा बातमीदार कधीच चांगले काम करू शकत नाही. निघताना त्याला बातमी काय आहे ते सांगा, परतताना त्याने काय पाहिले ते विचारा. भिंगातून पाहणाऱ्या माणसाला अनेकदा असे काही दिसलेले असते, जे प्रश्न विचारण्याच्या नादात आपल्याकडून निसटते.

बाइट घेताना प्रश्न छोटा ठेवा आणि उत्तर संपल्यावर दोन सेकंद गप्प राहा. माणूस बहुधा त्या शांततेत खरे वाक्य बोलतो. मृताच्या घरी जाताना मात्र कॅमेरा बाहेर ठेवून आधी एकट्याने आत जावे, घरातील थोरल्या माणसाला नमस्कार करून परवानगी मागावी, आणि नकार मिळाला तर परत फिरावे. ‘आता कसे वाटते?’ हा प्रश्न विचारू नये. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचे वार्तांकन करताना आत्महत्येची पद्धत दाखवू वा सांगू नये, एकाच कारणाचे लेबल लावू नये, आणि घरातील मुलांचे चेहरे पडद्यावर आणू नयेत.

चौथी पायरी: दृश्याला धरून लिहिणे

मराठी बातमी सावकाश वाचली तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. दीड मिनिटाच्या पॅकेजमध्ये दोन बाइट असतील, तर तुमच्या वाट्याला फार तर शंभर-सव्वाशे शब्द येतात. एवढ्या थोड्या जागेत ‘थैमान’, ‘आक्रोश’, ‘टाहो’, ‘वणवण’ हे शब्द जागा खातात आणि काही सांगत नाहीत. वर सांगितलेल्या गावाची बातमी नवोदित साधारण अशी लिहितो: ‘मराठवाड्यात दुष्काळाने थैमान घातले असून नागरिकांवर पाण्यासाठी वणवण भटकण्याची वेळ आली आहे.’ हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावावर चिकटवता येते. आता विहिरीचा क्लोज शॉट समोर ठेवून लिहा: ‘दोर घासून विहिरीच्या दगडाला या खाचा पडल्या. आज याच खाचांतून सोडलेला दोर कोरडाच वर आला.’ दृश्य खाच दाखवते, शब्द कोरड्या दोराचे सांगतात. दोघे एकच गोष्ट दोनदा बोलत नाहीत. आधी दृश्ये पाहून, त्यांचा क्रम लावून मगच व्हीओ, म्हणजे दृश्यांवरचे निवेदन, लिहावा. आधी कॉपी लिहून तिला दृश्ये चिकटवण्याची सवय लागली, की ती सुटत नाही.

पीटूसी, म्हणजे बातमीदाराने कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन, हा चेहरा दाखवण्यासाठी नसतो. जे दृश्यांतून दाखवता येत नाही, जसे की योजनेचा निधी कधी मंजूर झाला आणि काम कोठे अडले, ते सांगण्यासाठी पीटूसी वापरावा.

शब्दांच्या बाबतीत काही भेद प्राणपणाने जपावेत. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे तीन वेगळे शब्द आहेत आणि शेवटचा शब्द फक्त न्यायालयाच्या निकालानंतर वापरता येतो. न्यायमूर्तींनी सुनावणीत तोंडी काही विचारले, तर ते निरीक्षण असते; आदेश लेखी असतो. मतमोजणीच्या दिवशी ‘आघाडीवर’ आणि ‘विजयी’ यांत गफलत करू नये. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर करेपर्यंत कोणीही विजयी नसतो, आणि कितव्या फेरीचा आकडा आहे हे सांगितल्याशिवाय आघाडीच्या आकड्याला अर्थ नसतो.

पाचवी पायरी: लाइव्ह

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घाटात बस कोसळली. मी पोहोचलो तेव्हा अंधार होता, दरीत टॉर्चचे उजेड हलत होते, आणि दोरखंडाजवळ उभ्या असलेल्या एका पोलिसाने मला ‘अकरा गेले’ असे सांगितले. मी तेच लाइव्ह बोललो, तेही अशा ठामपणे जणू मी स्वतः मोजले होते. मृतांची खरी संख्या सात होती. उरलेल्या चौघांना जखमी अवस्थेत दुसऱ्या तालुक्याच्या रुग्णालयात नेले होते, आणि त्यांतील एकाच्या वडिलांनी घरी टीव्हीवर माझा आकडा ऐकून मुलगा गेला असेच धरले होते. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मला भेटले. ते रागावले नाहीत. ‘साहेब, तुम्ही मोजले होते का?’ एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारतो. पहिल्या रकान्यात पाहिलेले, दुसऱ्यात ऐकलेले, तिसऱ्यात विचारायचे राहिलेले. ऐकलेल्या प्रत्येक ओळीपुढे सांगणाऱ्याचा हुद्दा आणि घड्याळातील वेळ लिहितो. लाइव्ह सुरू झाले की आधी पहिल्या रकान्यातले बोलतो, मग दुसऱ्यातले त्या हुद्द्यासह आणि वेळेसह: ‘रात्री साडेदहापर्यंत तहसीलदारांनी दिलेल्या माहितीनुसार…’. अँकरने तिसऱ्या रकान्यातला प्रश्न विचारला, तर ‘ही माहिती अद्याप मिळालेली नाही, ती घेत आहोत’ असे शांतपणे सांगतो. या वाक्यामुळे कोणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही.

आपत्तीच्या ठिकाणी माहिती अनपेक्षित माणसाकडून येते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, तेव्हा नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्यामुळे ही वार्ता बाहेर पोहोचली. म्हणून एसटीचे चालक-वाहक, पोलीस पाटील, आशाताई, रुग्णवाहिकेचे चालक यांचे क्रमांक मंत्र्यांच्या स्वीय सहायकांच्या क्रमांकांइतकेच जपून ठेवावेत. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. व्हॅन पायथ्याशी ठेवून चिखलातली वाट चढावी लागली. अशा वेळी अनेक सिमकार्डांवर चालणारा, थेट दृश्ये पाठवणारा बॅकपॅक, भरलेल्या दोन पॉवर बँका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली वही, पाणी, गूळ-शेंगदाणे, टॉर्च आणि पकड असलेले बूट एवढे पाठीवर असावे. बचाव पथकाच्या वाटेत उभे राहू नये. तुमच्या लाइव्हसाठी स्ट्रेचर क्षणभरही थांबता कामा नये.

सहावी पायरी: कायद्याच्या मर्यादा

पत्रकाराला घटनेने वेगळा अधिकार दिलेला नाही. अनुच्छेद 19(1)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिक म्हणून जेवढे मिळते, तेवढेच आपले असते, आणि त्यावर 19(2) मधील वाजवी निर्बंधही लागू असतात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 ची मनाई आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचे कलम 74 लागू होते. नाव न घेता घराची गल्ली, शाळेचा गणवेश किंवा नातेवाइकाचा चेहरा दाखवला, तरी ओळख उघड होते. एडिटरकडे पॅकेज देताना चेहरा धूसर केल्याची खात्री स्वतः करावी. मतदान संपण्याच्या आधीच्या 48 तासांत निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 ची मनाई आहे.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या आणि 2012 मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर शब्दांत टीका केली. पुढे 2015 मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. अशा वेळी नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन करता येते. त्या दिवसांची दृश्ये नव्या मुलांनी अवश्य पाहावीत. माझ्या दृष्टीने आपल्या व्यवसायातील तो सर्वांत मोठा धडा आहे.

पगार, करार आणि प्रकृती

नियुक्तिपत्र हाती आल्यावर ते पूर्ण वाचा. नोटिशीचा कालावधी, कराराची मुदत, विमा, रात्रपाळीच्या गाडीची सोय आणि बाहेरगावच्या खर्चाची परतफेड, हे लेखी असावे. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, त्यामुळे टीव्हीतील बहुतेक पत्रकार कराराच्या भरवशावरच काम करत आले आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे रुजू होताच माहीत करून घ्या. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध 2017 मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केलेला आहे, म्हणून मारहाण झाली किंवा कॅमेरा फोडला गेला, तर पोलीस ठाण्यात फिर्याद देताना त्याचा उल्लेख आग्रहाने करावा.

सकाळच्या पाळीसाठी पहाटे घर सोडावे लागते, गणपती विसर्जनाच्या रात्री घरचा गणपती इतरांनी विसर्जित केलेला असतो, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस घरापासून दूर जातात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मृतदेहांची दृश्ये दिवसभर पाहणाऱ्या एडिटरला आणि घटनास्थळावरून परतलेल्या बातमीदाराला झोप न लागणे हा दुबळेपणा नव्हे. सहकाऱ्याशी किंवा डॉक्टरांशी बोला, आणि एखादा दिवस सुट्टी मागा. टीआरपीचे, म्हणजे प्रेक्षकपसंतीचे, आकडे दर आठवड्याला येतात, त्यांवरून आपल्या कामाचे मोल ठरवू लागलात तर पाण्याच्या विहिरीकडे परत जाण्याची इच्छाच उरणार नाही.

बातमी प्रसारित झाल्यानंतर

पॅकेज चालले की आपले काम संपले असे बहुतेकांना वाटते. तसे समजू नका. ज्यांनी बाइट दिला त्यांना फोन करून बातमी लागल्याचे कळवा, कारण अनेक गावांत त्या वेळी वीज नसते आणि लोक नंतर विचारत राहतात. चूक राहिली असेल तर ती डेस्कला त्याच क्षणी सांगून पुढच्या बुलेटिनमध्ये दुरुस्त करून घ्या. अधिकाऱ्याने ‘पंधरा दिवसांत पाइपलाइन जोडू’ असे कॅमेऱ्यासमोर सांगितले असेल, तर पंधराव्या दिवसाच्या पानावर गावाचे नाव, सरपंचांचा क्रमांक आणि तो बाइट कोणत्या तारखेच्या फुटेजमध्ये आहे हे लिहून ठेवा. त्या सकाळी आधी सरपंचांना फोन करा, नळाला पाणी आले का ते विचारा, आणि नसेल आले तर असाइनमेंट डेस्ककडे गाडी मागा.